मुलुंडच्या बिऱ्हाडाची मोटार



या पानावर एरवी आपण लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी यांविषयी बोलतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. गेल्या दोन वर्षांत गट ऑफिसात उसाच्या नोंदीला आलेल्या निदान आठ-दहा सभासदांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "साहेब, पोरगा मुंबईला आहे. घाटकोपरला बिऱ्हाड केलंय. दुसरं मूल झालं, आम्ही म्हातारा-म्हातारीही अधूनमधून जातो. गाडी घ्यायची म्हणतोय. कुठली घ्यावी?" कोणाचा मुलगा घाटकोपरला, कोणाची मुलगी बोरिवलीला, कोणाचा पुतण्या अंधेरीला. प्रश्न तोच.

ऊस विकास अधिकाऱ्याला मोटारीतले काय कळते, असे कोणी म्हणेल, आणि म्हणणे रास्त आहे. माझी पदविका शेतीची. परंतु शेतकी खात्याच्या जीपमधून पाणंदीपाणंदीने फिरण्यात नोकरीची वीस वर्षे गेली आहेत. शिवाय माझा धाकटा भाऊ मुलुंड पूर्वेला राहतो. २०२५ च्या नवरात्रात, कारखान्याचे बॉयलर पेटण्याआधी, मी चार दिवस रजा काढून त्याच्याकडे केवळ याच कामासाठी गेलो होतो. त्या चार दिवसांत जे कळले आणि त्याआधी आमची जी चूक होत होती, ते येथे मांडतो.

चूक प्रथम सांगतो, कारण ती माझी होती. भावाने फोनवर विचारले, "दादा, कुठली घेऊ?" मी बसल्या जागेवरून सांगून टाकले, "घेतोच आहेस तर मोठी घे. सात माणसं बसतील अशी. गावात बरं दिसतं." गावात गाडी वर्षातून किती दिवस उभी राहणार, याचा मी विचारच केला नाही. एखाद्या शेतकऱ्याने फोनवर "वाण कुठला लावू?" असे विचारले तर मी आधी जमीन विचारतो. चोपण, खारवट असेल तर को.एम. ०२६५ सांगतो, निचऱ्याची चांगली जमीन असेल तर को ८६०३२ सांगतो. शेजाऱ्याने लावला म्हणून तोच वाण लावू नका, हे मी प्रत्येक मेळाव्यात ओरडून सांगतो. आणि सख्ख्या भावाला मात्र जमीन न बघता वाण सांगून मोकळा झालो.

तेव्हा मुलुंडला गेल्यावर प्रथम जमीन बघितली. घरात माणसे पाच. भाऊ, भावजय, आठ वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि आमची आई. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया २०२४ मध्ये झाली, तेव्हापासून ती मुलुंडलाच असते. भावाची कचेरी दादरला. भावजयीची अंधेरीला. ती मुलुंडहून लोकलने घाटकोपरला जाते आणि तिथून मेट्रोने अंधेरी गाठते. ८ जून २०१४ ला ही वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून या वाटेवर ज्यांची नोकरी आहे त्यांना मोटारीची गरज कामावर जायला फारशी उरलेली नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावर सकाळी गाड्यांची जी रांग लागते ती पाहिली म्हणजे आपल्या कारखान्याच्या यार्डातली ट्रॅक्टरची रांग बरी वाटते. निदान तिथे आपला नंबर कधी ते कळते.

भावजय हिशोबी आहे. तिने ऑगस्ट महिन्याची एक वही ठेवली होती. ज्या ज्या वेळी 'आज गाडी असती तर' असे वाटले, तो प्रसंग तारखेसह लिहिला होता. सव्वीस प्रसंग निघाले. त्यांतले बावीस मुलुंड, घाटकोपर आणि ठाणे एवढ्यातले. आईचे व्यायामोपचार, लहानग्याचा डॉक्टर, मुलीची शिकवणी, बाजार. माणसे तीन, फार तर चार. दोन वेळा बोरिवलीला तिच्या माहेरी, एकदा अंधेरीला लग्नाला, आणि एकदा गणपतीला गावी. सर्व पाच जण सामानसुमानासह असे फक्त त्या एका वेळी. मी ज्या एका फेरीसाठी मोठी गाडी सुचवत होतो ती सव्विसातली एक होती. त्या फेरीलासुद्धा कल्याणहून कोयना एक्स्प्रेस पकडली तर थेट कराडला उतरता येते. जास्त माणसे असली तर भाड्याने मोठी गाडी मिळते.

सभासदांना माझी पहिली सूचना हीच की, मुलाला गाडीचे नाव सांगण्यापूर्वी त्याला अशी एक महिन्याची वही ठेवायला सांगा.

जागेची मोजणी

दुसऱ्या दिवशी मी सरीचे अंतर मोजायची टेप घेऊन भावाच्या इमारतीखाली उतरलो. ही टेप मी मुद्दाम पिशवीत टाकून नेली होती. वॉचमन हसला. पण मोजल्यावर जे निघाले त्याने आमचा अर्धा वाद मिटला. दोन खांबांच्या मधली जागा पावणेआठ फूट. लांबी चौदा फूट, आणि त्यापुढे पाण्याच्या पंपाच्या खोलीचे दार, जे उघडे राहिलेच पाहिजे.

आता गाड्यांची मापे बघा. ही मापे कंपनीच्या पत्रकात छापलेली असतात, विक्रेत्याच्या तोंडी हिशोबावर जाऊ नये. सात आसनी अर्टिगा सुमारे साडेचौदा फूट लांब. ती पंपाच्या खोलीच्या दारात जाणार. बोलेरो ३९९५ मिलिमीटर, म्हणजे तेरा फुटांच्या किंचित वर. ती बसते. ट्रायबरही बसते. टाटा पंच ३८२७, ईको ३६७५, वॅगन आर ३६५५ मिलिमीटर. या तर सहज बसतात. रुंदीत मात्र फार फरक नाही. पावणेसहा फुटांची गाडी त्या खांबांमध्ये घातली की दोन्ही बाजूंना मिळून दोन फूट उरतात. म्हणजे दार एक फूट उघडणार. एक फूट उघडलेल्या दारातून गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली सत्तरीची बाई आत शिरू शकत नाही. तिला बाहेर, खांबांच्या पुढे बसवायचे आणि मग गाडी आत न्यायची, हे आधीच ठरवले पाहिजे. ईकोला मागची दारे सरकती आहेत, ती अशा जागेत फार सोयीची. पण भावाला ती पसंत पडली नाही. का, ते त्याने सांगितले नाही, मी ओळखले.

उपनगरांत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहात आहेत आणि त्यांत गाड्या एकावर एक ठेवण्याचे यांत्रिक फळे असतात. आपल्याच भागातले एक ओळखीचे कुटुंब बोरिवलीला अशा टॉवरमध्ये राहते. त्यांनी हौसेने उंच गाडी घेतली. पहिल्या संध्याकाळी कळले की त्यांच्या वाट्याच्या फळ्यावर तेवढ्या उंचीची गाडी चढतच नाही. फळ्याच्या यंत्रावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती कोणी वाचलीच नव्हती. तेव्हापासून ती गाडी रस्त्यावर उभी असते आणि गृहस्थ रोज रात्री नऊनंतर जागा शोधत फेऱ्या मारतो. बोलेरोची उंची १८८० मिलिमीटर, पंचची १६१५. फरक जेमतेम दहा इंचांचा दिसतो, पण गाडी आत की बाहेर ते या दहा इंचांवर ठरते. तेव्हा मुलाच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून ही मर्यादा लेखी घ्यावी.

आईला बरोबर घेऊन

तिसऱ्या दिवशी आम्ही दुकाने फिरलो, आणि आईला बरोबर घेतले. ती तयार नव्हती. "मला काय कळतंय त्यातलं, तुम्ही बघा," म्हणाली. पण गाडीत सर्वांत जास्त वेळा बसणारे माणूस तीच होती, वहीच तसे सांगत होती. विक्रेत्यांच्या पोरांना हे नवीन होते. ते भावाला चाक धरायला बसवत होते, पडद्यावर गाणी लावून दाखवत होते. आम्ही आईला मागच्या दाराने पाच वेळा बसवले आणि उतरवले.

बुटक्या छपराच्या गाडीत ती खाली कोसळल्यासारखी बसली आणि उठताना तिला दोघांचा हात लागला. बोलेरोत बसायला तिला चढावे लागले. पाय उचलताना तिचा चेहरा बघून मी तिथेच वही मिटली. वॅगन आरमध्ये ती अलगद बसली, कारण आसन तिच्या कमरेच्या पातळीला येते. पंचमध्येही जवळजवळ तसेच, आणि दार काटकोनात पूर्ण उघडते. सात आसनी गाडीची तिसरी रांग बघितली. तिथे जायला मधले आसन दुमडून वाकून शिरावे लागते. म्हणजे आई तिथे जाणार नाही. लहानग्याचे बाळआसन मधल्या रांगेत बसवायचे. मग तिसऱ्या रांगेत कोण, तर मुलगी एकटी किंवा पाहुणे. आणि तिसरी रांग उघडली की अर्टिगाच्या मागे २०९ लिटर जागा उरते. शेंगांचे एक पोते आणि एक पिशवी. सात माणसे न्यायची तर सात माणसांचे सामान कुठे ठेवायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. छपरावर, असे म्हणाल तर एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने जाताना छपरावरचे गूळ-तांदूळ काय करतात ते बघितलेले लोक भेटा.

येथे थोडे विषयांतर करतो. जुन्या सभासदांना फियाट आठवत असेल. ती तयार व्हायची घाटकोपरच्या अलीकडे, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे रावळगाव आणि वालचंदनगरच्या साखर कारखान्यांचे वालचंद. १९४४ मध्ये त्यांनी ही मोटारीची कंपनी स्थापली. साखरेतून मोटारीत गेलेला हा आपलाच माणूस म्हणायचा. पुढे या फियाटला पद्मिनी हे नाव मिळाले. तिची लांबी चार मीटरच्या आतच होती. पण पुढचे आसन बाकासारखे सलग आणि गिअरचा दांडा चाकाजवळ, त्यामुळे पुढे तिघे बसायचे, मागे चौघे, आणि पोरे मोजायचीच नाहीत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत शेवटची नोंदलेली पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात कौटुंबिक गाडी म्हणजे अजून ती फियाट आहे. जेवढे मावतील तेवढे बसवायचे.

यावरून जो विषय निघाला तो त्या चार दिवसांतला सर्वांत अवघड होता. बाळआसनाची किंमत ऐकून आई म्हणाली, "कशाला पैसे घालवता? मी घेईन की त्याला मांडीवर. तुम्हा दोघांना मांडीवरच घेऊन आले ना एवढी वर्षं." कोणी काही बोलेना. तिचे खरेच होते, आम्ही तिच्या मांडीवरच मोठे झालो. परंतु हिशोब असा आहे. गाडी पन्नासच्या वेगाने असताना कशाला तरी धडकून जागच्या जागी थांबली, तर दहा किलोचे मूल त्या क्षणी दोन-तीन क्विंटलांच्या जोराने पुढे फेकले जाते. दोन-तीन क्विंटल कोणाच्या हातात राहात नाही, हे मी तिला उसाच्या मोळ्यांचे उदाहरण देऊन सांगितले. तिने मोळ्या उचलल्या आहेत, तिला ते कळले. पुढच्या आसनावर मूल मांडीवर घेणे तर त्याहून वाईट, कारण फुगणारी एअरबॅग मुलाच्याच तोंडावर येते. कायद्यानेही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बाळआसनाविना बसवले तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी उत्तम प्रतीची होती, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागच्यांनीही पट्टा लावायचा, हे आपल्याकडे अजून कोणाच्या गळी उतरत नाही.

आई शेवटी म्हणाली, "मग त्याच्या शेजारी मलाच बसवा." तसेच ठरले.

म्हणून गाडी बघताना मागच्या आसनाला बाळआसन अडकवायचे आयसोफिक्सचे आकडे कुठे आहेत ते हात घालून बघावे, आणि मधल्या आसनाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा, तेही. गाडीच्या मजबुतीसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशातली चाचणी सुरू झाली आहे. मोठ्यांसाठी वेगळे तारे, मुलांसाठी वेगळे. विक्रेता मोठ्यांचे तारे सांगतो, तुम्ही मुलांचे विचारा. वॅगन आर आईला आवडली होती, पण २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला मोठ्यांसाठी एकच तारा मिळाला होता. पुढे २०२५ मध्ये कंपनीने तिच्यात सहा एअरबॅग घातल्या, हेही सांगितले पाहिजे. पंचला त्याच ग्लोबल एनकॅपने २०२१ मध्ये पाच तारे दिले होते. भावजयीने या एका गोष्टीवर निर्णय केला.

इंधन

डिझेलचा विषय लवकर संपला. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ती जाळी साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून सलग लांब, चांगल्या वेगात पळावी लागते. मुलुंड ते घाटकोपर अशा तुटक फेऱ्यांत ती तुंबते. ज्याचे रोजचे हायवेला जाणे आहे त्याने डिझेल घ्यावे, भावाने घेऊ नये. विजेवरच्या गाडीची फेरी शहरात स्वस्त पडते, पण सोसायटीत आपल्या जागेपर्यंत स्वतंत्र मीटर ओढायला परवानगी आणि खर्च किती, हे ठरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. भावाच्या सोसायटीत तो ठराव दोन सभांत तहकूब झाला आहे.

सी.एन.जी.चा हिशोब मात्र कागदावर करून बघावा. भाव बदलतात, म्हणून रीत देतो. समजा पेट्रोलने शहरात किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात आणि सी.एन.जी.ने साडेतीन. बचत तीन रुपये. समजा सी.एन.जी.ची गाडी नव्वद हजारांनी महाग आहे. नव्वद हजार भागिले तीन, म्हणजे तीस हजार किलोमीटर पळाल्यावर ती रक्कम वसूल होणार. भावाच्या वहीप्रमाणे गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर पळणार. म्हणजे पाच वर्षे. शिवाय पंपावरची रांग, दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी, आणि डिकीत टाकीने खाल्लेली जागा. आईचा चालण्याचा आधार-सांगाडा डिकीत ठेवायचा होता. म्हणून पेट्रोल. तुमचा मुलगा रोज बोरिवली ते अंधेरी गाडीनेच जात असेल तर हाच हिशोब सी.एन.जी.च्या बाजूने लागेल.

पेट्रोलमध्ये आता आपलाही वाटा आहे. मुलुंडच्या पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असते. उसाचा रस, मळी आणि धान्य यांपासून केलेले. ६ फेब्रुवारी २०२३ ला वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभर ते प्रमाण गाठले गेले. त्याचा आसवनीला आणि पर्यायाने ऊस दराला उपयोग झाला, हे उघड आहे. परंतु आपले इथेनॉल म्हणून गाडी घेणाऱ्यापासून काही लपवायचे नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिले आहे की दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज वीस टक्क्यांवर सहा-सात टक्क्यांनी घटू शकते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या मिश्रणासाठी तयार करून येतात. जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र ती कोणत्या वर्षाची आहे आणि तिच्या पुस्तिकेत वीस टक्के मिश्रण चालेल असे लिहिले आहे का, ते बघावे. तसे नसेल तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. भावाने आधी एक २०१५ ची जुनी गाडी बघितली होती. स्वस्त होती. नळ्या, टायर आणि बॅटरी धरून ती तेवढी स्वस्त राहिली नाही.

पैसा कोणाचा

आता मुख्य मुद्दा. येथे मी ऊस विकास अधिकारी म्हणून बोलतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जी.एस.टी. १८ टक्के झाला. आधी तो अधिभारासह २९ ते ३१ टक्के होता. लहान म्हणजे लांबी ४००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल किंवा सी.एन.जी.चे असल्यास १२०० सीसी, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत. त्याहून मोठीला ४० टक्के. म्हणजे टेपने मोजलेली लांबी इथे पुन्हा कामाला येते. बोलेरो या व्याख्येत बसते, अर्टिगा बसत नाही. दुकानावर लिहिलेली किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत आर.टी.ओ.चा एकरकमी कर आणि विमा यांची भर पडते. नव्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. तेव्हा नेहमी 'रस्त्यावर किती' हेच विचारावे.

समजा रस्त्यावर आठ लाख. टनाला हाती तीन हजार रुपये धरले तर हा सुमारे २६७ टन ऊस झाला. एकरी ४५ टनांनी सहा एकरांचे सारे उत्पन्न, आणि त्यात खत, बियाणे, पाणी, मजुरी काहीच वजा केलेले नाही. मी हे मोठ्याने वाचले तेव्हा भाऊ गप्प झाला. त्याने मनात धरले होते की अर्धे पैसे गावाकडून येतील.

माझ्या माहितीत असे सभासद आहेत ज्यांनी मुलाच्या गाडीसाठी सोसायटीचे पीककर्ज उचलले. खताला, बेण्याला घ्यायचे पैसे मुंबईला गेले, आणि इकडे लागण मातीच्या भरवशावर. पुढच्या हंगामात उतारा पडला, बिलातून सोसायटीची वसुली कापून गेली, हातात काही आले नाही, आणि थकल्यामुळे वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलतही गेली. पीककर्ज पिकालाच गेले पाहिजे. आडसाली ऊस सतरा-अठरा महिन्यांनी पैसे देतो, आणि बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला उभा असतो. ही दोन चाके एका बैलगाडीला लागत नाहीत. ज्याचा पगार महिन्याला येतो त्यानेच महिन्याचा हप्ता भरावा. गावाकडून द्यायचे तर बिल जमा झाल्यावर, मशागतीचे काढून, जे उरेल त्यातून पहिल्या भरण्याला एकदाच द्यावे आणि तिथे थांबावे.

आम्ही तसेच केले. मी दोन लाख दिले, सहा लाख भावाने बँकेकडून घेतले. बँकेचा माणूस सात वर्षांची मुदत सांगत होता, कारण हप्ता कमी दिसतो. नऊ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता ९,६५३ रुपये आणि एकूण व्याज दोन लाख दहा हजारांवर. पाच वर्षांचा हप्ता १२,४५५ रुपये आणि व्याज एक लाख सत्तेचाळीस हजार. भावाने पाच वर्षे घेतली. हप्त्यातला फरक भावजयीने मुलीच्या एका शिकवणीत आणि बाहेरच्या जेवणात कुठेतरी बसवला आहे, त्यात मी पडलो नाही.

विम्याबद्दल एक गोष्ट मुंबईसाठी म्हणून सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या कित्येक गावांत वर्षाला एवढा पडत नाही. त्या दिवशी गाड्यांत अडकून माणसे गेली. अंधेरीचा भुयारी मार्ग आजही जोराचा पाऊस आला की पाण्याखाली जातो. साध्या विम्यात पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाची भरपाई बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन-संरक्षणाचे जोडकलम वेगळे घ्यावे लागते. रक्कम थोडी असते. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर चावी पुन्हा फिरवायची नाही, दार उघडून बाहेर पडायचे, गाडी ढकलून किंवा ओढून न्यायची. चावी फिरवली की पाणी इंजिनात ओढले जाते, आणि मग जोडकलमाचेही भांडण होते.

शेवटी दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, पंच घरी आली. दोष आहेत. मागे बाळआसन आणि आई बसल्यावर मधे मुलीला जागा बेताची होते, आणि ती तशी तक्रार दर रविवारी करते. दोन-तीन वर्षांनी ती आणखी वाढेल तेव्हा काय, हा प्रश्न आहेच. दिवाळीला ते सगळे गावी आले तेव्हा वाड्यासमोर गाडी बघून आमचे चुलते म्हणाले, "बारकी घेतली जणू?" भाऊ माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "खांबात मावती तेवढी घेतली." आई तोवर दार उघडून आपली आपण उतरली होती.

मापांचा, हप्त्याच्या हिशोबाचा आणि महिन्याच्या वहीचा नमुना कागद मी तयार केला आहे. ज्या सभासदांना हवा असेल त्यांनी शनिवारी सकाळी दहा ते एक या वेळात गट ऑफिसला यावे. येताना माती परीक्षणाचा नमुनाही पिशवीत घालून आणावा, पुष्कळांचा अजून यायचा आहे.

— ऊस विकास अधिकारी